अंधारातील खूण

वर्धा नदीत रात्री जाळे टाकणाऱ्या ढीवर बांधवांना दोर, वल्हे, नावेची कड अंधारात चाचपावी लागते. तेथे चमकती पट्टी लावावी, असे आम्ही म्हणतो. पण आधी एक हिशेब ऐका. १९२० च्या सुमारास अमेरिकेत घड्याळांना रेडियमचा रंग देणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करीत. रंग निर्धोक आहे, असे मालक सांगत. त्यांच्या जबड्यांची हाडे सडली, कित्येक मेल्या. झगडून १९२८ साली न्यू जर्सीतील पाच जणींनी भरपाई मिळवली. १९९० नंतर जपानात निघालेल्या स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटात किरणोत्सर्ग नाही. दिवसाचा उजेड साठवून तो तासन्‌तास मंद चमकतो. त्याने वस्तू सापडते, वाट दिसत नाही, कंदील हवाच. पट्टी घेताना ती कशाची, कोणी बनवली, एवढे जरूर विचारा.