वीणा काचेत की गळ्यात?

(शताब्दी सोहळ्यातील भाषणाचे शब्दांकन)



प्रदर्शनं कशी मांडावीत, जुना ठेवा कसा जपावा, याचा अभ्यास हे माझं काम. शताब्दीनिमित्त दिंडीने प्रदर्शनासाठी एक खोली काढली आहे. पहिल्या पिढीची वीणा तिथे काचेच्या कपाटात ठेवावी, असं काही जणांचं म्हणणं. ती वारीतच चालली पाहिजे, असं बाकीच्यांचं. त्यावर बोलायला मला उभं केलंय.

आधी पुण्याचं उदाहरण घेऊ. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दारं. लोक मोडीत काढत होते, ते यांनी उचललं. लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ संग्रहालय उभं केलं आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथे २०,००० हून अधिक वस्तू आहेत. म्हणून काचेला नावं ठेवू नका. ज्या वस्तूचं काम संपलं, तिला काच म्हणजे आसराच.

पण जिचं काम संपलेलं नाही तिचं काय? चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्यांत जास्त वाखाणला तो आपला साधा लोटा! त्यात पाणी किती मावतं, हातात कसा बसतो, डोक्यावर नि कमरेवर कसा राहतो, धार कशी पडते, हे पिढ्यान्‌पिढ्या वापरून ठरत गेलं. लोट्याची थोरवी पाणी ओतताना कळते, नुसती बघून नाही.

वीणेचंही तसंच. सप्ताहात ती पहाऱ्याने अहोरात्र उभी असते, जमिनीला टेकत नाही. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. काचेत लाकूड आणि तारा दिसतील, ही रीत दिसणार नाही. रीतिरिवाज हाही वारसाच, असं मानणारा करार युनेस्कोने २००३ साली केला. वारकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं!

तेव्हा माझं म्हणणं असं. मिरजेच्या एखाद्या जाणत्या कारागिराला वीणा दाखवा. तो धड आहे म्हणाला, तर ती वारीला जाऊ द्या. त्या दिवसांत खोलीतली तिची जागा रिकामी ठेवा आणि पाटी लावा : ‘वीणा वारीला गेली आहे.’ लाकूड तडकलंय म्हणाला, तर नवी करून घ्या आणि जुनीला विसावा द्या.

हस्तलिखित वह्या आणि बाडं मात्र रोज हाताळू नका. ऊन आणि ओल त्यांना लागू देऊ नका. फाटक्या पानाला चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. नंतर ते निघत नाही. पानांचे फोटो काढून मोठ्या अक्षरांत प्रत करा, ती लोकांनी वाचावी. जुने टाळ लखलखीत घासू नका, दर खेपेला थोडा धातू झिजतो आणि बोटांच्या खुणाही जातात. पाट्या जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला वाचता येतील अशा लावा.

शेवटचं आणि सगळ्यांत निकडीचं. हा टाळ कुणाचा, ही चाल कुणी आणली, कोणत्या साली मुक्काम बदलला, हे वस्तू सांगत नाही, माणूस सांगतो. ती माणसं आज पुढच्या रांगेत बसली आहेत. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यांच्यापाशी बसा, बोलतं करा, रेकॉर्ड करा. खोलीला रंग पुढच्या वर्षी लागला तरी चालेल. हे काम कार्तिकीच्या आत व्हायला हवं.

रामकृष्ण हरी!