बडोद्याची लेक, कूचबिहारची सून

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडे नीटनेटके करून देत आहे.)



व्याख्यानमालेत प्राध्यापक, लेखक, झालेच तर एखादे निवृत्त न्यायाधीश बोलतात. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. रूळ, खडी, स्लीपर यांच्याविषयी विचारलेत तर दोन तास बोलेन. पण समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, "तुम्ही त्या कूचबिहारच्या राणीविषयी चहाच्या वेळी सांगत असता, तेच सगळ्यांना सांगा." म्हणून उभा आहे. इतिहासाचा अभ्यासक नसल्याने सनावळी कागदावर लिहून आणली आहे, तेवढे चालवून घ्या.

मागे कामानिमित्त न्यू कूचबिहारला जाणे झाले. दुपार मोकळी मिळाली म्हणून राजवाडा पाहायला गेलो. 1887 साली बांधलेला लाल विटांचा मोठा वाडा आहे, आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, आत संग्रहालय आहे. सोबतचे बंगाली सहकारी म्हणाले, "दादा, इथली महाराणी तुमच्याकडची होती." मला वाटले, चेष्टा करताहेत. बंगालात मराठी माणसाला 'बर्गी' म्हणून चिडवायची जुनी हौस आहे, आपल्या सर्वांना तिचा अनुभव आहेच. पण ते खरे होते. ती महाराणी म्हणजे इंदिराराजे, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची एकुलती एक मुलगी.

सयाजीरावांविषयी इथे वेगळे सांगायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा 1875 मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्याला दत्तक घेणाऱ्या जमनाबाई खंडेराव महाराजांच्या विधवा होत्या. पुढे 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले, आणि ते मुलींनाही होते. 1904 मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. ब्रिटिश मुलखात तेव्हा यातले काही नव्हते.

महाराणी चिमणाबाईसाहेबही तशाच. 1911 मध्ये त्यांचे हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. सहलेखक होते एस. एम. मित्र, म्हणजे बंगाली गृहस्थ! 1927 मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी याच चिमणाबाई होत्या.

अशा घरात 1892 साली इंदिराराजे जन्मल्या. भावांच्या बरोबरीने शिकल्या, विलायतेत राहिल्या, बडोदा कॉलेजात गेल्या. एकोणीस वर्षांची राजकन्या अविवाहित आणि कॉलेजात शिकलेली, हे त्या काळच्या संस्थानिकांच्या घरांत फारच क्वचित दिसत असे.

आणि मग तिचे लग्न ठरले, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. स्थळ म्हणून पाहिले तर याहून वर काय असणार? दोन्ही मराठा घराणी, दोघांनाही एकवीस तोफांची सलामी. फक्त माधवराव मुलीपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते आणि त्यांची पहिली राणी हयात होती. मूलबाळ नव्हते म्हणून दुसरे लग्न. म्हणजे ज्या मुलीला बापाने एवढे शिकवले, तिने दुसरेपणावर जायचे, तेही वारस हवा म्हणून. मला स्वतःला हे फार खटकते. सयाजीराव मोठेच होते, त्याबद्दल शंका नाही. पण कायदा प्रजेसाठी करणे आणि घरातल्या मुलीचे ठरवणे, या दोन गोष्टी त्यांच्याही मनात वेगवेगळ्या कप्प्यांत असाव्यात.

डिसेंबर 1911 मध्ये दिल्ली दरबार भरला. सयाजीराव बादशहाला पाठ दाखवून गेले म्हणून गदारोळ झाला तोच हा दरबार. तो किस्सा आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याच दिल्लीत त्यांच्या मुलीची कूचबिहारच्या राजकुमार जितेंद्र नारायण यांच्याशी गाठ पडली. जितेंद्र हे धाकटे भाऊ, गादी थोरल्याकडे. कूचबिहारला सलामी तेरा तोफांची. जात वेगळी, भाषा वेगळी, घर ब्राह्मो वळणाचे आणि साहेबी राहणीचे.

दरबार संपून मंडळी बडोद्याला परतली. लग्नाची तयारी चालू होती. आणि इंदिराराजेंनी कोणाला न विचारता थेट शिंदे महाराजांनाच पत्र लिहिले, की मला हे लग्न करायचे नाही. आई-वडिलांना हे कळले ते ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, असे तारेत विचारले होते. त्या दिवशी बडोद्याच्या वाड्यात काय झाले असेल याची कल्पना करा! रडून-रुसून लग्न मोडणाऱ्या मुली तेव्हाही असतील. पण ज्याच्याशी लग्न ठरले त्यालाच सरळ पत्र लिहून 'नाही' म्हणायला जे लागते ते शिक्षणातूनच आले असणार. बापाने दिलेली विद्या मुलीने बापाच्याच मनाविरुद्ध वापरली.

पुढची दीड-दोन वर्षे फार ओढाताणीची गेली. चिमणाबाईसाहेबांचा विरोध जास्त कडक होता. मुलीला विलायतेला नेले, समजावले, धाक घातला. मुलगी बधली नाही. शेवटी 1913 मध्ये लंडनला लग्न झाले, ब्राह्मो पद्धतीने. आई-वडील लग्नाला नव्हते. मात्र लग्न थांबवण्याचा हट्टही त्यांनी अखेर सोडला होता.

आता सासरकडे या, कारण तिथेही असाच एक बाप भेटतो. इंदिराराजेंच्या सासूबाई सुनीतिदेवी या केशवचंद्र सेन यांच्या कन्या. केशवबाबूंचे नाव आपल्याला परके नाही. ते 1864 मध्ये मुंबईला आले, व्याख्याने दिली, आणि 1867 मध्ये तिथे प्रार्थना समाज निघाला त्यामागे त्यांची प्रेरणा होती. वधूचे वय किमान चौदा असावे असा 1872 चा विवाह कायदा व्हावा म्हणून झटले तेही हेच. आणि 1878 मध्ये त्यांनी स्वतःच्या मुलीचे लग्न कूचबिहारच्या पंधरा वर्षांच्या राजाशी लावले, तेव्हा सुनीतिला चौदावे संपायचे होते! त्यावरून ब्राह्मो समाज फुटला, साधारण ब्राह्मो समाज वेगळा निघाला. तरीही सुनीतिदेवी पुढे स्वतंत्र बुद्धीच्या निघाल्या. त्यांच्या नावाची मुलींची शाळा कूचबिहारमध्ये आहे, 1881 पासूनची. आणि 1921 मध्ये त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले.

गंमत पाहा. केशवबाबूंचे घर, लिली कॉटेज, सर्क्युलर रोडवर होते. आता तिथे व्हिक्टोरिया इन्स्टिट्यूशन हे मुलींचे कॉलेज आहे. हा सर्क्युलर रोड झाला कसा? 1742 मध्ये आपल्या स्वारांच्या भीतीने इंग्रजांनी खणलेला मराठा खंदक बुजवून. ज्या मराठ्यांना अडवायला खंदक खणला त्यांचीच एक लेक त्याच रस्त्यावरच्या घराण्याशी नाते जोडून आली.

थोडे माझ्या खात्याविषयी बोलतो, त्याशिवाय मला चैन पडणार नाही. इंदिराराजेंचे माहेर आणि सासर दोन्ही रेल्वेवाले! बडोदा संस्थानात 1862 मध्ये डभोई ते मियागाम अशी सुमारे 32 किलोमीटरची अडीच फुटी लाइन टाकली, देशातली पहिली नॅरो गेज. सुरुवातीला तिच्यावर डबे ओढायला बैल होते, इंजिन 1873 मध्ये आले. कूचबिहार संस्थानानेही 1890 च्या दशकात अडीच फुटी लाइन टाकली, पुढे ती मीटर गेज केली. नवी सून कलकत्त्याहून सासरी निघाली तेव्हा पद्मेवर पूल नव्हता. सियालदाहून ब्रॉड गेजने दामुकदिया घाटाला जायचे, तिथे बोटीने नदी ओलांडायची, पलीकडे साराघाटाला मीटर गेजची गाडी धरायची. हार्डिंज पूल झाला 1915 मध्ये. फाळणीनंतर तो सगळा मार्गच परदेशात गेला आणि आसाम लिंकची नवी लाइन घाईघाईने बांधावी लागली. ती जानेवारी 1950 मध्ये सुरू झाली. त्याच महिन्याच्या 1 तारखेला कूचबिहार पश्चिम बंगालचा जिल्हा झाला होता.

असो. लग्नाला काही आठवडे होतात तोच थोरले दीर वारले आणि जितेंद्र नारायण महाराज झाले. म्हणजे गादीचा हिशेब न करता धाकट्या राजपुत्राशी लग्न केलेली मुलगी महाराणी झाली. पाच मुले झाली. पण 1922 च्या डिसेंबरात जितेंद्र नारायण लंडनमध्ये वारले, वय अवघे छत्तीस. इंदिराराजे तीस वर्षांच्या. मोठा मुलगा जगद्दीपेंद्र सात वर्षांचा. त्या वेळेपासून 1936 मध्ये मुलाच्या हाती कारभार जाईपर्यंत त्यांनी राजप्रतिनिधी म्हणून संस्थान सांभाळले. बंगालात, परक्या भाषेत, तरुण विधवा. लोकांना आठवतात त्यांच्या शिफॉनच्या साड्या आणि इटलीहून मागवलेले जोडे. या चौदा वर्षांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. पुरुष राजा असता तर उलटे झाले असते.

त्यांचे कलकत्त्यातले घर अलीपूरला होते, 'वुडलँड्स'. आज त्याच नावाचे हॉस्पिटल आहे, आपल्यापैकी अनेकजण तिथे कोणाला ना कोणाला भेटायला गेले असतील. याच घरी 1931 मध्ये पोलोच्या हंगामात जयपूरचे महाराज मानसिंह पाहुणे म्हणून उतरले. घरातले चौथे अपत्य गायत्री तेव्हा बारा वर्षांची. ती पुढे शांतिनिकेतनात शिकली, आणि 1940 मध्ये त्याच मानसिंहांशी तिने लग्न केले. त्यांच्या दोन राण्या आधीच होत्या. इंदिराराजेंनी विरोध केला. थांबा, विचार करा, जग बघा, असे सांगून पाहिले. दुसरेपणावर जायला नकार देणाऱ्या आईची मुलगी राजीखुशीने तिसरी राणी झाली!

ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. मला मात्र यात इंदिराराजेंची खरी कसोटी दिसते. आपल्याला नको होते ते लग्न मुलीला हवे आहे, तेव्हा काय करायचे? चिमणाबाईसाहेबांसारखे करायचे की वेगळे? त्या नाराज होत्या, पण लग्नाला उभ्या राहिल्या. गायत्रीदेवींनी 1943 मध्ये जयपूरला मुलींची शाळा काढली, आणि 1962 मध्ये काँग्रेसच्या विरोधात लोकसभेला उभ्या राहिल्या. 2 लाख 46 हजार 516 पैकी 1 लाख 92 हजार 909 मते त्यांना पडली. पडदा पाळणाऱ्या घराण्यात गेलेली मुलगी शेवटी मते मागायला गावोगाव फिरली.

आपल्या इथेही हे प्रश्न येतात, राजवाडा नसला तरी. मागच्या वर्षी आपल्यातल्याच एका स्नेह्यांनी मला बाजूला घेतले. मुलगी सेक्टर फाइव्हला नोकरी करते, तिला सहकारी बंगाली मुलाशी लग्न करायचे आहे. "तुम्ही समजावा तिला," म्हणाले. मी विचारले, तिला इंजिनिअर करायला किती खर्च केलात? आकडा त्यांनी अभिमानाने सांगितला. मग मी त्यांना ग्वाल्हेरच्या तारेची गोष्ट सांगितली. ते माझ्यावर रागावले, चहा अर्धा टाकून गेले. माझीही मुलगी बारावीला आहे. सौ. म्हणते, "दुसऱ्याला सांगणे सोपे आहे, आपली पाळी येऊ द्या." तिचे बरोबर आहे. सयाजीरावांना जे जड गेले ते मला हलके जाईल असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

जाता जाता तरुण मंडळींसाठी. इंदिराराजेंची थोरली मुलगी इलादेवी त्रिपुराच्या राजघराण्यात गेली. तिचा मुलगा भरत देव वर्मा, त्यांची पत्नी मुनमुन सेन, म्हणजे सुचित्रा सेन यांची मुलगी. तेव्हा रायमा आणि रिया सेन यांच्या पणजीबाई बडोद्याच्या गायकवाड. ऑफिसात कोणी 'बर्गी' म्हणाले तर हे जरूर सांगा, मी सांगतो.

आणि ज्यांना वाडा पाहायचा असेल त्यांच्यासाठी: सियालदाहून रात्रीची पदातिक एक्सप्रेस धरली की दुसऱ्या दिवशी न्यू कूचबिहार. पूजेच्या सुटीत जायचे तर तिकीट आधीच काढा, नंतर माझ्याकडे कोट्यासाठी येऊ नका.