औषध आईचे, दूध बाळाचे

(जागतिक स्तनपान सप्ताहानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेले भाषण)



आमच्या बालरुग्ण विभागात तीन महिन्यांचे एक बाळ जुलाबांनी सुकलेल्या अवस्थेत दाखल झाले. त्याच्या आईवर क्षयरोगाचे उपचार सुरू झाले होते. ‘औषधे कडक आहेत, जपा,’ एवढेच आम्ही तिला सांगितले होते. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘अंगावरचे दूध बंद’ असा लावला आणि बाळाला पाणी घातलेले गाईचे दूध बाटलीने पाजले. बाळ वाचले; परंतु चूक घरच्यांची नव्हे, आमच्या अपुऱ्या शब्दांची होती, हे आम्ही नम्रपणे मान्य करतो.

क्षयरोगावरील नेहमीची औषधे दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात. ती घेत असताना स्तनपान चालू ठेवता येते. मात्र तेवढ्या अंशाने बाळाचे रोगापासून रक्षण होत नाही. म्हणून बाळाची तपासणी करून त्याला प्रतिबंधक औषध स्वतंत्रपणे द्यावे लागते.

बहुतेक औषधांच्या बाबतीत असेच आहे. वजनाच्या हिशेबाने आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांहून कमी अंश बाळाला मिळत असेल, तर ते औषध सर्वसाधारणपणे स्वीकारार्ह मानतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, अमॉक्सिसिलिन ही त्यांपैकीच. नवजात व अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे यकृत आणि मूत्रपिंड पूर्ण सक्षम नसल्याने तेथे अधिक दक्षता हवी.

काही औषधे मात्र खरोखरच धोक्याची आहेत. कोडीनचे काही स्त्रियांच्या शरीरात झपाट्याने मॉर्फिन बनते. बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली स्तनदा मातांनी कोडीन व ट्रॅमाडॉल घेऊ नये, असा इशारा दिला. कर्करोगावरील रसायनोपचार आणि किरणोत्सारी आयोडीन यांच्या वेळीही दूध थांबवावे लागते.

मातांनो, औषध लिहून घेताना बाळाचे वय आवर्जून सांगा. घरात उरलेली वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नका. औषध वा दूध, दोहोंपैकी काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटले, दूध ओढेनासे झाले, तर तत्काळ रुग्णालयात या.

सहकाऱ्यांना विनंती एवढीच, की केसपेपरवर ‘स्तनपान चालू ठेवावे’ किंवा ‘थांबवावे’ हे स्पष्ट मराठीत लिहावे. ‘जपा’ हा शब्द आम्ही आता वापरत नाही.