शाप आणि पश्चात्ताप
३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक सादर केले. कण्व ऋषींचा आश्रम सोडून शकुंतला सासरी निघते, तिथवरची ही कथा. माणसाच्या स्वभावाची खरी कसोटी मात्र पुढे, तिचा पती राजा दुष्यंत याच्या दरबारात लागते. महाभारतातला दुष्यंत तिला ओळखूनही नाकारतो. मूळ नाटकात कालिदासाने दुर्वास ऋषींचा शाप आणि अंगठी आणून त्याला विस्मरण दिलं. ही राजाची सोयीस्कर सुटका, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. माशाच्या पोटातली अंगठी हाती येऊन आठवण परतते, तेव्हा राजाला शापाची गंधवार्ताही नसते. सगळा दोष तो स्वतःकडे घेतो, वसंतोत्सव बंद करवतो, तिचं चित्र काढत झुरतो. शापाचं त्याला कळतं ते थेट शेवटच्या अंकात, तिच्या पाया पडून झाल्यावर.