व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण आणि आपली मुले
(वार्षिक संमेलनात विद्यार्थी-सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज सत्कार झालेल्या पदवीधरांपैकी काहींनी मला विचारले, "गुरुजी, गोवा विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकावे काय? लहान विद्यापीठाच्या पदवीस पुढे किंमत असते काय?" त्यांच्या पालकांचा प्रश्न याहून बिकट आहे: त्यापायी आंब्याची बाग गहाण टाकावी काय?

गोवा विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले. तत्पूर्वी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असत. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये आजही त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. मुंबई विद्यापीठाचा जन्म १८५७ चा आणि संसार शेकडो महाविद्यालयांचा. त्यापुढे ताळगावच्या पठारावरील विद्यापीठ लहानच. परंतु लहानपण म्हणजे हीनपण नव्हे. जेथे विद्यार्थी मोजके, तेथे अध्यापक त्यांना नावाने ओळखतो.

उणीव आहे ती निराळी. मोठ्या कंपन्या माणसे निवडण्यासाठी १९६१ साली अहमदाबाद व कलकत्ता येथे निघालेल्या संस्थांच्या, किंवा १९६५ सालच्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेच्या दारी आपण होऊन जातात. लहान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यास बहुधा कंपनीचे दार स्वतः ठोठवावे लागते. म्हणूनच दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यातील उमेदवारीस त्याने परीक्षेइतकेच महत्त्व द्यावे. वेर्ण्याचा औषधांचा कारखाना, एखादे हॉटेल, एखादी बँक, कोठेही असो. तेथे केलेले काम हीच त्याची खरी शिफारस होय. आरंभीचा पगार बेताचा असेल, हेही आधीच जाणून असावे.

हे शास्त्र केवळ साहेबाच्या खुर्चीसाठी आहे, असा समज मात्र नसावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. मिळकत काही महिन्यांची, हप्ते मात्र बारा महिन्यांचे! हा मेळ घालणे म्हणजेच व्यवस्थापन. आपल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बागाईतदाराच्या पेटीचा भाव अजून बव्हंशी वाशीच्या बाजारात ठरतो. ग्राहकापर्यंत थेट पोहोचण्याची विद्या शिकलेला मुलगा वा मुलगी घरी परतली, तर तो शिक्षणाचा अपव्यय खासच नव्हे.

आता पालकांस दोन शब्द. जाहिरातीतील चकचकीत इमारतीस भुलू नका. संस्थेस अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची वा कायद्याने आवश्यक ती मान्यता आहे काय, एकंदर खर्च किती, आणि मागील दोन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या विद्यार्थ्यांकडूनच घ्या. ४ लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तेव्हा वडिलार्जित बागेस हात लावण्यापूर्वी बँकेची पायरी चढा.

शेवटी एक विनंती. आपले पूर्वज मुंबईस गेले, तेव्हा गिरगाव-परळच्या खोल्यांत गाववाल्यांनी त्यांना पथारीपुरती जागा दिली. त्या जागेवर कित्येक संसार उभे राहिले. आज पणजी, मुंबई, पुणे येथे स्थिरावलेल्या प्रत्येक ज्ञातिबांधवाने उन्हाळ्याचे दोन महिने एका विद्यार्थ्यास घरी आसरा द्यावा, आणि जमल्यास आपल्या कचेरीत त्याच्यासाठी शब्द टाकावा. सत्काराच्या नारळाहून ही भेट त्यास अधिक उपयोगी पडेल.