मेडिकलचा प्रवेश आणि आपले इन्स्टाग्राम
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



"इन्स्टाग्राम पाहून मेडिकलचा प्रवेश नाकारतात का?" असे मला नेहमी विचारतात. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश 'नीट'च्या गुणानुक्रमाने होतो. तुमचे फोटो कोणी तपासत नाही. धोका वेगळाच आहे. प्रवेशपत्र, गुणपत्रक कौतुकाने टाकले की रोल नंबर, जन्मतारीख जगजाहीर होते आणि "सीट मिळवून देतो" म्हणणाऱ्या दलालांना आयते गिऱ्हाईक मिळते. २०२५ च्या 'नीट'पूर्वी एनटीएने पेपरफुटीच्या अफवा पसरवणारी १०६ टेलिग्राम व १६ इन्स्टाग्राम चॅनेल्स शोधून काढली होती. तेव्हा मुलांनो, पास झालात की पेढे जरूर वाटा. कागदपत्रे मात्र कपाटातच ठेवा. श्रीगजानन आपणांस सुयश देवो!