चोवीस तासांच्या आत

जीनोमचं संशोधन एकट्यादुकट्याचं काम राहिलेलं नाही, हे आता सगळेच म्हणतात. मग करार होतात, बैठका होतात, निधी मंजूर होतो. ते लागतंच. पण त्याआधी जे लागतं, त्याची गोष्ट एका किड्यापासून सुरू होते.

सी. एलिगन्स हा मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा किडा. त्याच्या चेतापेशी मोजून 302. सिडनी ब्रेनर यांनी साठच्या दशकात केंब्रिजला तो अभ्यासासाठी निवडला आणि त्याच्याभोवती माणसं जमत गेली. 1975 मध्ये या मंडळींनी ‘वर्म ब्रीडर्स गॅझेट’ नावाचं पत्रक काढलं. त्यात छापलं जाई ते अपुरं, हातातलं काम. अट एकच: लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचा हवाला द्यायचा नाही. मला या अटीचं मोल फार वाटतं. आपलं काम कुणी पळवणार नाही, ही खात्री असल्याशिवाय कोण कशाला वही उघडून दाखवेल?

याच मंडळींतले जॉन सल्स्टन केंब्रिजला आणि बॉब वॉटरस्टन अमेरिकेत सेंट लुईसला. दोघांच्या प्रयोगशाळांनी किड्याचा जीनोम मिळून वाचला आणि 1998 मध्ये तो प्रसिद्ध झाला. बहुपेशीय प्राण्याचा हा पहिलाच जीनोम. त्याआधी, फेब्रुवारी 1996 मध्ये, मानवी जीनोमवर काम करणारे बर्म्युडा बेटावर जमले, तेव्हा या दोघांनी किड्याच्या जगातली सवय तिथे नेली. ठरलं असं की डीएनएच्या हजारापेक्षा जास्त अक्षरांचा सलग तुकडा जुळला, की शक्यतो चोवीस तासांच्या आत तो सर्वांसाठी खुला करायचा. ज्याची बढती शोधनिबंधावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हे किती अवघड आहे याचा विचार करा.

फळ काय मिळालं? सहा देशांतल्या वीस केंद्रांनी वाचलेले तुकडे खुले होते, पण सुटे होते. 2000 च्या उन्हाळ्यात सांताक्रूझच्या विद्यापीठातला जिम केंट हा पीएचडीचा विद्यार्थी पुढे आला. सुमारे महिनाभरात त्याने ते जुळवणारा प्रोग्रॅम लिहिला, शंभर साध्या संगणकांवर चालवला, आणि 7 जुलैला जुळलेला मसुदा इंटरनेटवर सगळ्यांपुढे आला. तुकडे कपाटात कुलूपबंद असते, तर हा विद्यार्थी काय करणार होता?

त्या सहा देशांत भारत नव्हता. भाताच्या जीनोममध्ये मात्र होता. अकराव्या गुणसूत्राच्या कामात आपला मोठा वाटा होता. पुढे कोविडच्या काळात, डिसेंबर 2020 मध्ये, विषाणूचे जीनोम वाचणाऱ्या देशातल्या दहा प्रयोगशाळांचं ‘इन्साकॉग’ हे जाळं उभं राहिलं. त्यातल्या दोन पुण्यातल्या, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. अशा कामात यंत्र आपलं काम करतंच. घोडं अडतं ते नोंदींपाशी. नमुना कोणत्या तारखेचा, कोणत्या जिल्ह्यातला, रुग्णाचं वय किती, हे नळीबरोबर आलं नाही तर वाचलेल्या जीनोमची निम्मी किंमत गेली. एका ठिकाणी वय, दुसरीकडे जन्मतारीख, तिसरीकडे रकाना कोरा. अशा तक्त्यांचा मेळ घालत मी स्वतः कित्येक रात्री काढल्या आहेत. म्हणून कोणतंही जाळं विणताना पहिल्या बैठकीत नोंदींचा नमुना ठरवावा, आणि नोंद करणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव शोधनिबंधात घालावं.

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात वीस संस्थांनी मिळून दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले. ती माहिती फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात आहे, आणि जानेवारी 2025 पासून संशोधकांना नियमानुसार अर्ज करून मागता येते. रक्त देणाऱ्यांच्या खाजगीपणासाठी हा अर्जाचा उंबरठा हवाच; इथे चोवीस तासांचा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही.

सभागृहात महाविद्यालयांतले प्राध्यापक बरेच दिसतात. तुमच्याकडे सिक्वेन्सिंगचं यंत्र नसेल, पण जंतूंचे, पिकांचे, किड्यांचे असंख्य जीनोम आजही कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. शेजारच्या दोन महाविद्यालयांना सोबत घ्या, एक प्रश्न निवडा, नोंदींचा एकच तक्ता ठरवा आणि याच सत्रात कामाला लागा.